डबल बेल झाल्याशिवाय

माझ्याकडे येणारा प्रत्येक मोठा माणूस पहिल्या दिवशी पुस्तक मागतो. "बाई, एखादं जाडजूड सांगा, पाठ करून टाकतो." मी पुस्तक देत नाही. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसा, असं सांगते. इथेच निम्म्या लोकांचा माझ्यावरचा विश्वास उडतो. साठीला आलेल्या, चारचौघांत मान असलेल्या माणसाला स्वतःच्या हातांवर बसायला लावणारी ही बाई कोण लागून गेली, असं त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसतं. दिसू दे. हात मोकळे असले की मोठा माणूस विचार करत नाही, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

नगरला सावेडीत आमच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली आहे. तिथे दर रविवारी सकाळी दहाला माझा मोठ्यांचा बुद्धिबळ वर्ग भरतो. त्याआधी वीस वर्षं मी फक्त शाळेतल्या मुलांना शिकवलं आणि मोठ्यांना दारातून परत पाठवलं. पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ एकदा मोठ्या उमेदीने आले होते, स्वतःचा पट पिशवीत घालून. मी त्यांना म्हटलं, "आता या वयात काय शिकणार हो?" ते "बरोबर आहे तुमचं" म्हणाले आणि पिशवी सांभाळत जिना उतरले. ते आठवलं की मला अजून स्वतःची चीड येते. पुन्हा ते कधी दिसले नाहीत.

मोठ्यांचा वर्ग सुरू झाला तो एका वकीलसाहेबांमुळे. त्यांची मुलगी माझ्याकडे शिकायची आणि घरी जाऊन त्यांना हरवायची. ते आले तेच फिर्यादीच्या आवाजात. "बाई, मी रोज कोर्टात उभा राहतो. माझं डोकं चालत नाही असं तर नाही ना?"

डोकं उत्तम चालत होतं, तीच अडचण होती. बाहेरच्यांना वाटतं, बुद्धिबळात हरणारा माणूस अकलेने कमी पडतो. तसं नसतं. मोठी माणसं अज्ञानाने कमी आणि सवयीने जास्त हरतात. तीस-तीस वर्षं ज्या पद्धतीने विचार करून पोट भरलं, त्याच पद्धतीने पटावर विचार करतात. त्यामुळे मी नव्या माणसाला आधी विचारते, तुम्ही काम काय करता? ते कळलं की तो कसा हरत असेल याचा मला साधारण अंदाज येतो.

वकीलसाहेबांना पट बघितल्याबरोबर एक खेळी आवडायची आणि ते तिचं वकीलपत्र घ्यायचे. मग पुढची पाच मिनिटं त्या खेळीच्या बाजूने पुरावे गोळा करण्यात जायची. विरुद्ध बाजूचा एकही साक्षीदार ते पिंजऱ्यात येऊ द्यायचे नाहीत, भले त्यांचा घोडा समोर उघड्यावर मरत असो. मी त्यांना सांगितलं, खेळी आवडली की तिच्या विरुद्ध बाजूने लढायचं. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच्या खेळीविरुद्ध असा काही युक्तिवाद केला की ती रद्द झाली. मग दुसरी रद्द झाली, मग तिसरी. शेवटी एकही खेळी निर्दोष सुटली नाही आणि घड्याळातली वेळ संपून ते हरले. तरी चेहऱ्यावर मोठा खटला जिंकल्याचं समाधान होतं.

दुसरे दातांचे डॉक्टर. त्यांची तऱ्हा सोपी होती. मारता येण्यासारखं काही दिसलं की मारायचं. प्यादं दिसलं, काढलं. उंट दिसला, काढला. पाठीमागून आपला वजीर जातोय याचं त्यांना काही नाही, जागा मोकळी झाली याचाच आनंद. मी त्यांना पहिल्या दहा खेळ्यांत काहीही मारायचं नाही अशी बंदी घातली. तो माणूस मांडीखाली हात घेऊन घामाघूम झाला. सातव्या खेळीला म्हणाला, "बाई, एक तरी काढू द्या. सैल झालंय हो ते."

सांगायचं ते अंबादासभाऊंचं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी ते जिना चढून आले, दारात चपला अगदी सरळ रेषेत लावून ठेवल्या आणि उभेच राहिले. सोनईचे. एसटीचे ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली. अंगाने भक्कम, बोलायला कमी. मी बसा म्हटल्यावर बसले आणि एकदम कामाचं बोलले.

"बाई, मला एकाच मानसाला हरवायचंय. बाकी कुनाशी काय घेनंदेनं न्हाई."

"कोण माणूस?"

"शब्बीरभाई. शेवगावचे. माझे कंडक्टर."

माझे कंडक्टर हे शब्द त्यांनी आपण माझा सख्खा भाऊ म्हणतो तसे उच्चारले. दोघांनी बावीस वर्षं नगर-शेवगाव एकाच गाडीवर काढली होती. दुपारी शेवगावला गाडी तासभर थांबायची तेव्हा डबा खाऊन झाला की दोघं लोहचुंबकाचा छोटा पट मांडायचे. पुढे सोनईच्या चैत्रातल्या यात्रेत मंडळाने बुद्धिबळाची स्पर्धा सुरू केली. कुस्त्यांच्या आदल्या दिवशी ती होते. कुस्त्यांना अख्खी पंचक्रोशी लोटते, बुद्धिबळाला पंधरा-वीस माणसं असतात आणि त्यातली निम्मी पंख्याखाली बसायला येतात. सलग नऊ वर्षं शेवटचा सामना या दोघांतच होत होता, आणि सलग नऊ वर्षं शब्बीरभाई जिंकत होते. बक्षीस दरवर्षी एकच, भिंतीवरचं घड्याळ.

"जिंकत आल्यालो असतो, बाई. नऊच्या नऊ वेळा. आनि मधीच माझ्या हातून कायतरी येड्यावानी हुतं. काय हुतं ते मला बी कळत न्हाई."

"मग यंदाच एवढी घाई का?"

"यात्रा झाली की शब्बीरभाई पोराकडं सुरतला चाललेत. कायमचे. ते हितं हायेत तवर एकदा तरी जिंकायचंय. ते गेल्यावर कुनाला हरवू, आनि हरवून सांगू कुनाला?"

मला तो माणूस फार आवडला. बाकीचे माझ्याकडे डोकं तल्लख राहावं म्हणून येतात, साखर वाढू नये म्हणून येतात, एकजण तर घरी नातवंडांचा गोंधळ असतो म्हणून येतो. यांना नेमकं काय हवंय ते माहीत होतं.

त्यांना मी डॉक्टरांसमोर बसवलं. त्यांनी डॉक्टरांना शांतपणे हरवलं. वकीलसाहेबांसमोर बसवलं, त्यांनाही हरवलं. घाई नाही, हव्यास नाही, प्रत्येक खेळीआधी डावीकडे बघणार, उजवीकडे बघणार. मी तीन रविवार डोळ्यांत तेल घालून बघितलं आणि मला शिकवण्यासारखं काही सापडेना. माझ्या धंद्यात याहून वाईट काही नसतं.

शेवटी म्हटलं, मला तुमचा आणि शब्बीरभाईंचा डाव बघायचाय. पुढच्या रविवारी वर्गाला सुट्टी दिली आणि आम्ही दोघं सकाळच्या शेवगाव गाडीत बसलो. ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर, कारण दुसरीकडे भाऊंना बसवत नाही. करंजीच्या घाटात त्यांनी सबंध वेळ उजव्या पायाने पत्र्यावर ब्रेक दाबला. उतरल्यावर त्यांची मांडी दुखत होती.

शब्बीरभाई दारातच उभे होते. उंच, किडकिडीत, पांढरी दाढी नीट कातरलेली, उजव्या हाताच्या बोटात फिरोजाची जाड अंगठी. आमच्याकडे बघून म्हणाले, "या, आत सरका. आत जागा आहे." बैठकीत आम्ही तिघंच होतो, तरी "पुढं सरका, पुढं सरका" करत त्यांनी मला पार खिडकीपाशी नेऊन बसवलं. भिंतीवर ओळीने नऊ घड्याळं, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. भाभींनी चहा आणला. मी विचारलं, खरी वेळ कुठली? भाभी म्हणाल्या, "आम्ही मोबाईलमध्ये बघतो."

डाव सुरू झाला. तासाभरात भाऊंनी काय सुंदर खेळ केला म्हणून सांगू. शब्बीरभाईंचा एक हत्ती अडकवला, राजाला कोपऱ्यात दाबलं. आता फक्त एक शांत खेळी हवी होती. भाऊ विचारात पडले. एक मिनिट गेलं, दोन गेली. शब्बीरभाई मागे रेलले, खिडकीबाहेर बघितलं आणि अंगठीने टेबलाच्या कडेवर दोनदा वाजवलं. टक टक. त्याच क्षणी भाऊंचा हात उठला, वजिरावर पडला आणि त्यांनी तो भलत्याच घरात नेऊन ठेवला. तिथे तो फुकट मेला. भाऊ स्वतःच्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसे बघत होते.

दुसऱ्या डावातही तेच. भाऊ विचारात, टक टक, हत्ती गेला. माझं डोकं तापलं. समोरचा विचार करत असताना आवाज करून त्याला बिचकवायचं, हा लबाडीचा फार जुना प्रकार आहे. मी चहाबद्दल आभार मानले आणि शब्बीरभाईंशी जरा तुटकच बोलून निघाले.

परतीच्या गाडीत ड्रायव्हरमागची सीट भरलेली होती, म्हणून आम्ही तिच्या मागे बसलो. मी भाऊंना हे सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात अमरापूरचा थांबा आला. माणसं उतरली, चढली. कंडक्टरने दोरी ओढली. एसटीचं सगळ्यांना माहीत असतं, एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला. टन टन झालं आणि माझ्या शेजारी बसलेल्या, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या या माणसाचा डावा पाय सरळ खाली गेला आणि डावा हात गिअर टाकायला पुढे आला. तिथे गिअर नव्हता, पुढच्या बाईची पिशवी होती. त्यातल्या वांग्यांना धक्का बसला. ती बाई मागे वळून काय बोलली ते इथे लिहीत नाही.

मी तिसगावची वाट बघितली. तिथे पुन्हा टन टन, पुन्हा पाय खाली. मग मी विचारलं, "भाऊ, शब्बीरभाई बेल कशी द्यायचे?"

"दोरी तुटकीच असायची, बाई. अंगठीनं दांडीवर वाजवायचे. टक टक." एवढं बोलून त्यांनी स्वतःच्या डाव्या पायाकडे बघितलं. "व्हय की," म्हणाले.

"ते मुद्दाम करतात," मी म्हटलं.

"न्हाई. शब्बीरभाई तसं मानूस न्हाई."

"नऊ वर्षं, भाऊ. नऊ वर्षं बरोबर त्याच वेळी?"

"मी गप बसलो की त्यास्नी वाटत असंल, गाडी खोळंबली. आदत हाय ती." आणि मग बऱ्यापैकी रागाने म्हणाले, "बाई, बावीस वर्षांत त्यांनी मानूस चढायच्या आधी कवा बेल दिली न्हाई. म्हातारी फुटबोर्डावर असली तर अर्धा मिनिट थांबायचे. मी आरशात बघायचो बी न्हाई. एवढा इस्वास हुता."

तुम्ही भोळे आहात, असं मी म्हणाले.

पण दुखणं सापडलं होतं, आणि उपायही त्यातच होता. पुढच्या रविवारी मी भाऊंना म्हटलं, "आजपासून बेल तुमची तुम्ही द्यायची. स्वतःच्या गुडघ्यावर, बोटाने. पहिली बेल म्हणजे पहिला प्रश्न, समोरच्याला काय हवंय? दुसरी बेल म्हणजे दुसरा प्रश्न, मी हे खेळल्यावर तो काय करेल? दोन्हीची उत्तरं मिळाली तरच हात उचलायचा. डबल बेल झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही."

त्यांना ते एकदम पटलं. इतकं साधं मला आधी कोणी सांगितलं असतं तर मीही बरे डाव जिंकले असते. वर्गातल्या बाकीच्यांनीही ते उचललं. आता उरला शब्बीरभाईंच्या बेलचा बंदोबस्त. त्यासाठी सराव असा की भाऊ विचारात पडले की समोरच्याने मुद्दाम टेबल वाजवायचं आणि भाऊंनी हलायचं नाही. डॉक्टर घरून स्टीलचा चिमटा घेऊन आले. वकीलसाहेब पेनने वाजवायचे. पहिल्या रविवारी भाऊंचा हात चौदा वेळा उडाला. मग दहा, मग सहा. सगळी खोली दोन-दोन तास टकटक करायची. एकदा खालून आमचे हे वर आले आणि विचारून गेले की सुतार किती दिवस चालणार आहे. फाल्गुन लागेपर्यंत भाऊ असे पक्के झाले की त्यांच्या कानाशी थाळी वाजवली तरी ते आधी स्वतःच्या गुडघ्यावर दोन बोटं मारायचे आणि मगच हात उचलायचे. मला त्यांचा अभिमान वाटायला लागला होता. खरं सांगायचं तर स्वतःचाच जास्त.

यात्रेच्या दिवशी मी सोनईला गेले ती प्रेक्षक म्हणून. शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धा होती. मंडळाचे अध्यक्ष धावतच आले. पंच म्हणून येणारे सर नेवाशाला अडकले होते आणि नियम माहीत असलेलं दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, अंबादासभाऊ माझे विद्यार्थी आहेत, मला पंच होता येणार नाही. तेवढ्यात मागून शब्बीरभाईंचा आवाज आला. "बाई, तुम्हीच बसा. भाऊंना शिकवलंत ना? मग दोघांपैकी एकाला तरी नियम माहीत असतील."

मी वळून बघितलं. शब्बीरभाईंचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये गळ्यात बांधलेला होता. न्हाणीत पाय घसरला होता, आठ दिवस झाले होते. अंगठी काढून ठेवलेली.

आता मी जे लिहिणार आहे त्याची मला लाज वाटते, पण तो हात बघून मला आनंद झाला. म्हटलं, गेली बेल. भाऊ मात्र त्या प्लास्टरकडे बघून हडबडले. "दुखतंय का?" त्यांनी तीनदा विचारलं.

शेवटच्या सामन्याला दोघंच आले, ते ठरलेलंच होतं. प्रत्येकाला अर्धा तास. मी मधे खुर्ची टाकून बसले. पंचाने बोलायचं नसतं, भुवई उडवायची नसते, विद्यार्थ्याकडे तर बघायचंसुद्धा नसतं. शब्बीरभाई डाव्या हाताने खेळत होते, त्यामुळे प्रत्येक मोहरा जरा वाकडा पडत होता आणि भाऊ तो हळूच सरळ करून देत होते. सरळ करण्याआधी तसं तोंडाने सांगावं लागतं, पण ते भान दोघांनाही नव्हतं.

भाऊ काय खेळले म्हणून सांगू. गुडघ्यावर दोन बोटं, मग खेळी. दोन बोटं, मग खेळी. स्वतःच्या अर्ध्या तासातली वीस मिनिटं संपता संपता त्यांचं एक प्यादं वजीर व्हायला एक घर उरलं. आणि तिथेच खड्डा होता. प्यादं घाईने पुढे ढकललं असतं तर शब्बीरभाईंचा हत्ती तळाच्या ओळीत उतरून भाऊंच्या राजाला मात देत होता. आधी राजा एक घर बाजूला काढायचा आणि मग प्यादं. एवढंच. राजा हलला की शब्बीरभाईंकडे काही उरत नव्हतं. मला ते दिसत होतं. भाऊंची नजर आधी हत्तीकडे गेली, मग राजाकडे, मग शेजारच्या रिकाम्या घराकडे, म्हणजे त्यांनाही दिसलं होतं. गुडघ्यावर दोन बोटंही वाजली.

आणि हात उठला नाही.

मला वाटलं, पुन्हा तपासताहेत. घड्याळात दहा मिनिटं होती. नऊ झाली, सात झाली. पंख्याखालची माणसं जागी होऊन पटाभोवती आली. भाऊंनी पुन्हा गुडघ्यावर दोन बोटं मारली. हात तसाच. मी त्यांच्याकडे बघायचं नाही हे विसरून बघितलं. चेहऱ्यावर विचार नव्हताच. थांब्यावर गाडी चालू ठेवून बसलेल्या ड्रायव्हरचा असतो तसा तो चेहरा होता. पाच मिनिटं. तीन. चार महिने चिमटे वाजवून, नवऱ्याला सुताराचा त्रास देऊन जो माणूस मी उभा केला, तो सगळं समोर दिसत असताना वेळ संपून हरणार होता, आणि मी शेजारी बसून नुसतं घड्याळ बघणार होते. दोन मिनिटं.

शब्बीरभाई इतका वेळ मागे रेलून बसले होते. एकदा त्यांचा उजवा खांदा हलला, प्लास्टर जरा उचललं गेलं आणि परत झोळीत पडलं. त्यांनी त्या प्लास्टरकडे बघितलं. मग भाऊंकडे. मग पटाकडे, बराच वेळ. मग पुन्हा भाऊंकडे. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी लख्ख झालं, ते मी अगदी जवळून बघितलं.

ते पुढे वाकले. "भाऊ," हळू आवाजात म्हणाले, "चढली का सगळी?"

भाऊंनी मान वर केली नाही. पटावरून एकदा नजर फिरवली, डावीकडून उजवीकडे. "चढली," म्हणाले.

शब्बीरभाईंनी डाव्या हाताची मूठ वळली आणि टेबलाच्या कडेवर दोनदा वाजवली. टक टक.

भाऊंचा हात उठला आणि त्यांनी राजा एक घर बाजूला ठेवला.

घड्याळात चाळीस सेकंद होते. तेवढा वेळ शब्बीरभाई नुसते गप्प बसले असते तर दहावं घड्याळ त्यांच्या भिंतीवर गेलं असतं. त्यांनी हार मानून डाव्या हाताने आपला राजा आडवा केला. तो गडगडत खाली पडला. मी टेबलाखाली वाकून तो शोधला आणि शोधायला गरजेपेक्षा बराच जास्त वेळ लावला, कारण डोळे पुसायचे होते. समोरचा विचार करत असताना बोलणं आणि टेबल वाजवणं याला पंचाने ताकीद द्यायची असते. मी दिली नाही. ज्या कोणाला तक्रार करायची असेल त्याने खुशाल करावी.

बाहेर रसवंतीवर बसलो तेव्हा मी भाऊंना फैलावर घेतलं. "तुमची बेल तुम्ही दिली होतीत ना? मग हात का उचलला नाही?"

"दिली हुती, बाई. दोनदा दिली."

"मग?"

"डॉक्टरसायबाबरोबर चालतं ते. पन शब्बीरभाई गाडीत बसल्यालं असताना ड्रायव्हरनं आपली आपनच बेल देऊन गाडी काढायची, हे काय बरं दिसतं का?"

शब्बीरभाई डाव्या हाताने ग्लास सांभाळत हसत होते. मग माझ्याकडे वळले. "बाई, इतकी वर्षं मला समजत नव्हतं, भाऊ इतकं चांगलं खेळता खेळता मधेच असं का करतात. मला वाटायचं, मला जिंकवायला करतात. मनात वाईट वाटायचं, पण विचारणार कसं? आज वाजवायला गेलो आणि हात उचलेना, तेव्हा कळलं की मी वाजवतो."

समोरच्याच्या मनात काय आहे ते आधी विचारा, हे मी आठवड्याच्या आठवड्याला लोकांच्या कानीकपाळी ओरडते. या माणसाला मी चार महिने लबाड म्हणत होते आणि विचारलं एकदाही नव्हतं. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या बाई, नवीनच ओळख आपली. पुढं सरका, भाऊंना बसायला जागा करा."

"पण तुम्हाला दिसत होतं ना, बेल दिलीत की तुम्ही हरणार?"

"दिसत होतं की. पण सगळी चढल्यावर गाडी उभी ठेवायची म्हणजे काय?"

घड्याळ भाऊंच्या घरी लागलं. शब्बीरभाई आठवड्याने सुरतला गेले. भाऊ त्यांना नगरपर्यंत सोडायला आले होते. गाडी सुटताना त्यांनी बाहेरून पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि सरळ माझ्या वर्गात येऊन बसले. त्या दिवशी मी त्यांना कोणासमोर बसवलं नाही.

आता दोघं मोबाईलवर खेळतात. रोज एक डाव. भाऊ विचारात पडले की सुरतेहून दोन मिस्ड कॉल येतात आणि मगच ते खेळतात. मी हे वर्गात बघितलं तेव्हा डोक्याला हात लावला, कारण भाऊ पुन्हा रोज हरायला लागलेत. विचारलं तर म्हणाले, "बेल जरा लवकर येती, बाई. सुरतेहून त्यास्नी दिसत न्हाई ना, कोन चढायचं ऱ्हायलंय ते."

"मग फोन बंद करून ठेवा की. आपली बेल आपण द्या, जिंकाल."

भाऊंनी माझ्याकडे असं बघितलं की मोठ्या माणसांना शिकवण्याबद्दल मला अजून बरंच शिकायचंय हे मला कळलं.

"आनि मंग खेळायचं कशाला?" ते म्हणाले.